पुसलेली बासरी

वाल्दोमिरोकाका स्टुडिओत आले ते लग्नाला निघाल्यासारखे. अंगात तपकिरी कोट, पायात चकचकीत बूट, केस पाणी लावून मागे बसवलेले. एका हातात धातूच्या बासरीची पेटी, दुसऱ्या हातात झुल्मिराकाकूंनी बांधून दिलेला डबा. बाहेर रिओचं नोव्हेंबरातलं ऊन मी म्हणत होतं.

"काका, कोट कशाला घातलात? आत कुणी बघणार नाहीये, नुसतं ऐकणार आहेत," जासिरा म्हणाली.

"अगं, ऐकणाऱ्यालाही कळतं, माणूस कसा उभा राहून वाजवतोय ते."

काकांचं वय एकाहत्तर. पस्तीस वर्षं त्यांनी ओलारियाच्या गल्ल्यांमधून टपाल वाटलं होतं आणि त्याहून जास्त वर्षं दर रविवारी आपल्या अंगणातल्या आंब्याखाली शोरोची बैठक भरवली होती. शोरो हे तिथलं जुनं वाद्यसंगीत. शब्दाचा अर्थ खरं तर रडणं, पण त्या आंब्याखाली तो इतका खोडकर होऊन यायचा की शेजारच्या बायका हातातलं काम टाकून कुंपणाशी येत. काकांना नोटेशन येत नव्हतं. एकच चाल ते दोन रविवारी सारखी वाजवत नसत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "कालचीच पत्रं आज परत वाटतो का मी?"

जासिराचे वडील त्याच बैठकीत गिटार वाजवायचे. ती नऊ वर्षांची असताना ते गेले. काका तिचे धर्मपिता होते, बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातात धरलेले, आणि ते नातं त्यांनी निभावलं. तिला पियानोची शिकवणी लावली ती त्यांनी. पुढे ती संगीत विद्यालयात गेली. जॅझच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून तिनं झिजवल्या आणि बास गिटार वाजवणाऱ्या टेल्मोबरोबर स्वतःचा बँड काढला. इलेक्ट्रिक पियानो, बास, ड्रम, आणि त्या सगळ्याच्या पोटात आंब्याखालचा शोरो. गाणारं कुणी नाही, फक्त वाद्यं. चार वर्षं लहानमोठ्या क्लबांत वाजवल्यावर, पाठीशी कुठलीही कंपनी नसताना, त्यांनी आपली पहिली तबकडी करायला घेतली होती.

त्यातली एक रचना जासिरानं काकांवरच बांधली होती. तिचं नाव 'दुपारचं टपाल'. चाल शोरोची, पण सात मात्रांची. शोरो जन्मापासून दोनात चालणारा. त्याला सातात चालवायचं म्हणजे चालत्या माणसाला एक पाऊल कमी टाक म्हणून सांगण्यासारखं होतं. पण अंगणात सराव करताना काकांनी ते अंगावर घेतलं. कधी मुद्दाम मागे रेंगाळायचे, कधी पुढे पळायचे, आणि समेवर सगळ्यांच्या आधी पोचून मिशीत हसायचे.

स्टुडिओत मात्र काचेच्या खोलीत ते एकटे होते. कानांवर हेडफोन, समोर माइक, टेल्मो आणि ड्रमवाला काचेपलीकडे. सगळ्यांचं वाजवून झालेलं होतं. त्या आधीच भरलेल्या टेपवर काकांना फक्त आपली बासरी चढवायची होती. पहिल्यांदा ते तिसऱ्याच आवर्तनात दोनावर घसरले. दुसऱ्यांदाही तेच.

"अरे, हे तर माझं ऐकतच नाहीत," ते हेडफोन काढून म्हणाले. "अंगणात मी थांबलो की तुम्ही थांबता. इथं मी थांबलो तरी हे आपले पळतातच."

"टेप आहे ती, काका. ती कशी थांबेल?"

"मग ती काय वाजवणार डोंबलाचं!"

सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता. कोट त्यांनी तरीही काढला नाही. आठ वेळा झालं. नवव्या वेळी त्यांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला सरकवला, डोळे मिटले आणि वाजवलं. दोन जागी सुटले. एका जागी अर्धी मात्रा उशिरा आले. पण मधल्या भागात असं काही आलं की ड्रमवाल्याच्या बोटांतली सिगारेट तशीच जळत राहिली. एक सूर त्यांनी लांबवला, सोडतील सोडतील वाटलं आणि सोडलाच नाही, त्याच्याच पोटातून दुसरा काढला.

"झकास, काका!" जासिरा माइकमध्ये ओरडली.

"खरंच? नाहीतर परत वाजवतो. मला काय, घरी कोण वाट बघतंय? झुल्मिरा सोडून."

मग त्यांनी डबा उघडला. खाऱ्या माशाचे तळलेले गोळे होते, सगळ्यांना पुरतील इतके. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची बासरी टेपवर गेली होती. जाताना त्यांनी मशीनवाल्याशीसुद्धा हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी टेल्मोनं सगळं पुन्हा ऐकलं, टेप मागे फिरवून आणखी एकदा ऐकलं. टेल्मो काही वाईट माणूस नव्हता. काकांच्या अंगणात त्यानंही जेवणं झोडली होती.

"गोड आहे," तो शेवटी म्हणाला. "पण बसत नाहीये, जासिरा. तुला ऐकू येतंय ना? ऐकणारे म्हणतील, ह्यांना सात मोजता येत नाहीत."

"त्यांना परत बोलावू या."

"काल नऊ वेळा वाजवलं त्यांनी. परत बोलावून काय सांगणार? जमलं नाही म्हणून?"

जासिराला विद्यालयातले चेहरे दिसले. नाक्यावरचं संगीत म्हणून शोरोकडे बघून हसणारे. पहिली तबकडी, आणि पहिल्याच बाजूला चुकलेली मात्रा. तिनं फाबियानोला फोन केला. फाबियानो तिशीचा, मोठमोठ्या गायकांच्या मागे बासरी वाजवणारा. तो संध्याकाळी आला, नोटेशनचा कागद बघितला, दोनदा गुणगुणला.

टेपवर आवाज भरायच्या आठ पट्ट्या होत्या आणि आठही भरलेल्या. मशीनवाल्यानं बटणावर बोट ठेवलं आणि जासिराकडे बघितलं.

"ह्याच्यावरच घ्यायचं? जुनं जाईल."

कॅसेटवर उतरवून घ्यायला चार मिनिटं लागली असती. कॅसेट तिच्या पिशवीत होती, कोरी. हे तिला तेव्हाही माहीत होतं. घाई होती, सुचलं नाही, असं तिनं पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. पण खरं तसं नव्हतं. काकांचं पुन्हा ऐकलं तर तेच आवडेल आणि मग फाबियानोला परत पाठवावं लागेल, ह्याची तिला भीती वाटली होती. तिनं मान हलवली.

फाबियानोनं वीस मिनिटांत काम संपवलं. एक मात्रा इकडची तिकडे नाही. जाताना म्हणाला, "माझं नाव नको छापूस हं. दुसऱ्या कंपनीशी माझा करार आहे. कुणाचंही टाक."

आवरण आधीच छापखान्यात गेलेलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'बासरी: वाल्दोमिरो'. ते बदलायचं तर बोभाटा झाला असता. फाबियानोला नाव नको, छापखान्याला बदल नको, काकांना दुखवायला नको. टाळायचं म्हटलं की कारणं कशी हात जोडून समोर उभी राहतात. नाव तसंच राहिलं.

कार्निव्हल संपल्यावर मार्चमध्ये तबकडी आली. पहिली प्रत घेऊन जासिरा ओलारियाला गेली. एकटं भेटायचं आणि लावण्याआधी सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून. पण काकूंनी अर्धी गल्ली गोळा करून ठेवली होती. कोपऱ्यावरचा पाववाला पोर्तुगीज तर एप्रन न सोडताच आला होता. मक्याच्या पिठाचा केक कापून तयार होता.

काकूंनी आवरणावरचं नाव बोटानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. "बघा, छापलंय! छापलंय हो!"

सुई टेकली. पियानो आला, बास आला, आणि मग बासरी. काका खुर्चीत बसले होते, गुडघ्यावर बोटं हलवत. बासरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या सुराला त्यांची बोटं थांबली. त्यांनी मान वर केली नाही. जासिरा भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं, आता उठतील. आता म्हणतील, हा मी नव्हे.

रचना संपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावून रडत होत्या.

"काय हो, बोला की काहीतरी!" पाववाला म्हणाला. "कसं वाटतंय स्वतःलाच ऐकताना?"

काकांनी जासिराकडे एकदाच बघितलं.

"छान वाजवलंय," ते म्हणाले.

त्या बघण्यात काय होतं ते तिला कळलं नाही. तिनं समजूत करून घेतली की त्यांना ओळखू आलं नसेल. म्हातारा माणूस, स्वतःला कधी ऐकलेलं नाही, टेपवर आवाज वेगळा येतो, काय काय. पण त्यानंतर सात-आठ रविवार ती बैठकीला गेली नाही.

रेडिओवर ती रचना दोन-तीनदा लागली. एका वर्तमानपत्रात कुणीसं लिहिलं की जुन्या शोरोचा माणूस नव्या जॅझच्या सातात इतका सहज चालतो, हे नवल आहे. काकूंनी ते कात्रण फ्रेम करून घेतलं. फाबियानोचा फोन आला, तो हसत होता. "अगं, लोक मलाच सांगतात, तो म्हातारा ऐक, शिक त्याच्याकडून!" जासिराला हसू आलं नाही. तिनं फोन ठेवला आणि तोंड धुतलं.

मग वस्तीतल्या क्लबानं ठरवलं की काकांचा सत्कार करायचा. मे महिन्यातला रविवार, दुपारचं जेवण, जासिराचा बँड, आणि काकांनी 'दुपारचं टपाल' वाजवायचं, तबकडीवर आहे तसं. क्लबाच्या सेक्रेटरीनं फोनवर ते तीनदा सांगितलं, "तबकडीवर आहे तसंच हं!"

बुधवारी सकाळी जासिरा ओलारियाला गेली. काकांना सांगायचं, आजारी आहे म्हणा. काहीही म्हणा.

गल्लीच्या तोंडाशीच तिला बासरी ऐकू आली. चार आवर्तनं तबकडीची, फाबियानोची. मग सुई उचलल्याचा खरखराट, आणि तीच चार आवर्तनं दुसऱ्या बासरीवर. पुन्हा तबकडी. पुन्हा बासरी. ती फाटकाशी उभी राहून ऐकत राहिली. एकही सूर इकडचा तिकडे नव्हता.

दार उघडंच होतं. काका बनियनवर खुर्चीत बसले होते आणि उजव्या पायानं फरशीवर सात मोजत होते.

"ये," ते म्हणाले. "बरी आलीस. बघ, हे शेवटचं वळण बसतंय का. इथं मला अजून शंका आहे."

"काका, कधीपासून हे?"

"तू तबकडी आणलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. झुल्मिरा बाजारात गेली की बसतो. कोण आहे हा?"

जासिरानं मान खाली घातली. "फाबियानो म्हणून आहे."

"पोरगा चांगला आहे. श्वास कुठं घेतो तेच कळत नाही. तिशीत माणसाला श्वास लपवता येतो."

"काका, मला…"

"थांब. रडायचं असेल तर आधी बस. कॉफी आहे गरम."

त्यांनी स्वतःच कॉफी ओतून दिली. तिनं कप हातात धरला, प्यायली नाही.

"मला राग आला होता, खोटं कशाला बोलू," काका म्हणाले. "तीन दिवस जेवलो नाही. झुल्मिराला वाटलं पोट बिघडलंय, तिनं कसले कसले काढे पाजले. मग म्हटलं, तबकडी तुझी, रचना तुझी. मी सातातून सुटत होतो, ते मला काय कळत नव्हतं? दुसरा घेतलास, बरं केलंस. पण नाव का ठेवलंस गं?"

जासिरा कपाच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

"तेवढं नको होतं. नाव काढलं असतंस तर मी सांगितलं असतं, नाही जमलं म्हाताऱ्याला. दोन दिवस हसले असते लोक. आता मला दुसऱ्याचं पोर कडेवर घेऊन गावभर मिरवावं लागतंय."

"मी सांगते सगळ्यांना. रविवारी, क्लबात, माइकवरून सांगते. चूक माझी आहे."

"खबरदार!" काकांचा आवाज तिनं इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "झुल्मिरानं तबकडीची एक प्रत बहिणीला मिनासला पाठवलीय. घरची रोज दुपारी लावते. तुझं मन हलकं व्हावं म्हणून तिचं काढून घेशील? आता जे झालं ते झालं. मी वाजवीन, तू साथ कर."

बाहेर गॅसच्या टाक्यांची गाडी घंटा वाजवत गेली. मग काका एकदम हळू आवाजात, मुलानं खाऊ मागावा तसं म्हणाले,

"बरं, ते माझं कुठं असेल? मी वाजवलेलं? टेल्मोकडे आहे का? एकदा ऐकव मला, झुल्मिरा नसताना. त्या शेवटच्या खेपेला मधे कुठंतरी काहीतरी चांगलं आलं होतं. मी स्वतःला कधी बाहेरून ऐकलंच नाही बघ."

जासिरानं कप खाली ठेवला. तो बशीवर वाजला.

"पुसलं, काका."

"म्हणजे?"

"टेपवर जागा नव्हती. त्याच पट्टीवर त्याचं घेतलं."

"म्हणजे गेलं?"

"गेलं."

"कॅसेटवर वगैरे पण नाही?"

"नाही. घेता आलं असतं. मी घेतलं नाही."

काकांनी बासरीचे तीन तुकडे वेगळे केले. खिशातून फडकं काढून ते एकेक तुकडा आतून पुसत राहिले. पुसून झालेलाच तुकडा त्यांनी पुन्हा पुसला.

"हं," ते म्हणाले.

त्यांनी शिवी दिली असती, फ्रेममधलं कात्रण फोडलं असतं, तर जासिराला घरी परत जाता आलं असतं. त्या 'हं'नंतर ती बसस्टॉपवर उभी राहिली आणि तीन बसगाड्या तिच्यासमोरून निघून गेल्या.

रविवारी क्लबाचं अंगण भरलं होतं. काळ्या घेवड्याच्या मोठमोठ्या हंड्या, बियरच्या बाटल्या, कागदाच्या पताका. काकू निळ्या पोशाखात पहिल्या रांगेत. काका तोच तपकिरी कोट घालून आले. टेल्मोनं जासिराच्या कानाशी विचारलं, "जमेल त्यांना?" ती पियानोवर जाऊन बसली.

काकांनी वाजवलं. पहिल्या सुरापासून शेवटच्या वळणापर्यंत, तबकडीवर आहे तसंच. जासिरा पियानोवरून वाट बघत होती की ते कुठंतरी रेंगाळतील, कुठंतरी पुढे पळतील, मिशीत हसतील. ती मुद्दाम एका जागी थांबली, त्यांना जागा करून दिली. त्यांनी ती घेतली नाही. त्यांचा पाय फरशीवर सात मोजत राहिला आणि डोळे समोरच्या भिंतीवर होते. टेल्मो बास वाजवता वाजवता खाली बघायला लागला. त्यालाही समजलं होतं.

लोक उभे राहून ओरडत होते. पाववाल्यानं काकांना उचललंच. खाली ठेवल्यावर ते जासिराजवळ आले, घामानं थबथबलेले.

"एकदाही चुकलो नाही बघ," ते म्हणाले.

ह्या माणसानं उभ्या जन्मात अशी बढाई मारली नव्हती. न चुकणं ही त्याच्या लेखी सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

पुढे जासिरा पुन्हा रविवारच्या बैठकीला जायला लागली. काका तिला कधी टाकून बोलले नाहीत. तिच्यासाठी खुर्ची असायची, कॉफी असायची, थट्टाही असायची. तिनं एक चांगला टेपरेकॉर्डर विकत घेतला आणि आंब्याखाली टेबलावर आणून ठेवला. काकांनी लाल दिवा बघितला.

"चालू आहे का ते?"

"हो, काका."

"मग बंद कर. वाजवतो."

तिनं बंद केला. काकांनी वाजवलं, आणि असं वाजवलं की कुंपणाशी बायका जमल्या. पुढच्या रविवारी तिनं टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा पुन्हा तेच. एकदा तिनं तो पिशवीत लपवून चालू ठेवायचं ठरवलं, बटणावर बोटही ठेवलं. पण काढून घेतलं. 'बंद कर' असं ते रागानं म्हणायचे, की भीतीनं, की त्यांना आता खरंच नको होतं, हे तिनं कधी विचारलं नाही. टेल्मो म्हणायचा, "म्हातारा तुला शिक्षा करतोय." तिला तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं.

बँडच्या पुढच्या तबकड्या निघाल्या, त्यांचं नाव झालं, परदेशी बोलावणीही आली. 'दुपारचं टपाल' ती कुठंच वाजवत नसे. लोक मागायचे तेव्हा म्हणायची, बासरीवाला नाहीये.

चार वर्षांनी, जुलैत, काका गेले. दोन दिवस ताप आला आणि आटोपलं. सातव्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर जासिरा काकूंबरोबर घरी आली. चर्चमधून चालत येताना तिनं पक्कं ठरवलं होतं. काकांनी घातलेली बंदी आता संपली होती. काकूंना सांगायचं, त्यांनी हाकलून दिलं तरी चालेल.

काकूंनी चप्पल काढली आणि सरळ ग्रामोफोनकडे गेल्या.

"तू आलीस ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "माझे हात थरथरतात, सुई नीट टेकत नाही. रोज ह्या वेळेला लावते मी. तेवढा वेळ तो घरात आहेसं वाटतं."

जासिरानं सुई टेकली. पियानो आला, बास आला. बासरी आल्यावर काकूंनी डोळे मिटले आणि मान डोलवायला सुरुवात केली. हातातली जपमाळ मांडीवर पडली.

"किती गोड वाजवायचा गं," त्या म्हणाल्या. "नाही?"

जासिराच्या ओठांवर सगळं आलेलं होतं. फाबियानोचं नाव, चार मिनिटं, पिशवीतली कोरी कॅसेट. तिनं काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"हो, काकू," ती म्हणाली. "फार गोड."

रचना संपली. काकूंनी डोळे उघडले नाहीत. नुसता हात हलवून त्यांनी खूण केली, परत. जासिरानं सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला ठेवली.